पावसाळ्याआधी झाडं बोडणं थांबवा

मे महिना आला की टेम्पो येतो, शिडी लागते आणि तासाभरात गुलमोहराचे नुसते खुंट उरतात. याला छाटणी म्हणायला माझी तयारी नाही. असं बोडलेलं झाड पुढच्या पावसाळ्यांत जास्तच धोकादायक होतं.

पाला गेला की झाड साठवलेलं अन्न खर्चून खुंटाच्या टोकाला पाणसोटांचा, म्हणजे भराभर वाढणाऱ्या कोवळ्या फुटव्यांचा, झुबका काढतं. हे पाणसोट सालीलगतच्या थरातून फुटतात, त्यांची पकड वरवरची असते. दोन-तीन वर्षांत ते मनगटाएवढे होतात, तोवर खालचा खुंट कुजायला लागलेला असतो. मग वाऱ्यात नेमके तेच निखळतात.

फांदी खोडाला मिळते तिथे जवळून बघा. सुरकुतलेलं, जरा फुगीर कडं दिसेल. जखम झाकणारी वाढ तिथूनच होते, म्हणून काप या कड्याच्या लगेच बाहेर घ्यायचा. कड्यासकट खोडाशी सपाट कापलं तर कूज सरळ खोडात शिरते. वीतभर खुंट ठेवला तर तो कुजतो. जड फांदीला तीन काप लागतात: खोडापासून फूटभरावर खालून एक तृतीयांश जाडीपर्यंत, त्याच्या दोन-तीन इंच पुढे वरून आरपार, आणि शेवटी कड्यापाशी उरलेला खुंट. पहिला काप टाळला की फांदी स्वतःच्या वजनानं मोडते आणि खोडाची साल हातभर सोलून नेते. जखमेवर डांबर किंवा रंग फासू नका, आत ओल कोंडते. एका वेळी पाव हिश्शापेक्षा जास्त पाला काढू नका. आणि कृपा करून फक्त इमारतीकडच्या फांद्या उतरवून झाडाचा सगळा भार रस्त्याकडे टाकू नका.

मुळांकडे तर कुणी बघतच नाही. बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांत पसरलेली असतात, म्हणजे केबलच्या चराच्याच खोलीला. खोडाचा व्यास ४० सेंमी असेल तर चर खोडापासून निदान अडीच मीटर दूर हवा, जमलं तर पाच. त्याहून जवळून जायचंच असेल तर जेसीबी बाजूला ठेवून हातानं खणा आणि जाड मुळांच्या खालून पाइप सरकवा. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला इजा करणंही येतं. तरी चर बुजतो, वर पेव्हर बसतात, आणि जुलैत झाड आडवं झालं की दोष वाऱ्याला. पडलेल्या झाडाचा बुडखा उचलून नेण्याआधी एकदा बघा: चराच्या बाजूची मुळं सुरीनं कापल्यासारखी एका रेषेत संपलेली दिसतील.