लायसन्स मिळालं ना, मग आता गाडी चालवायला शिकू नका

ड्रायव्हिंग टेस्ट पास होणं अजिबात अवघड नाही हो, थोडा वेळ शहाण्या माणसासारखं वागायचंय फक्त, तेवढं कुणालाही जमतं. सीटवर बसलात की आरसे नीट करा, आधीच नीट असतील तरी करा, परीक्षकाला दिसलं पाहिजे. नुसते डोळे फिरवून भागत नाही, मान अशी वळवा की शेजारच्याला वाटावं बिचाऱ्याला स्पॉन्डिलायटिस आहे. चढावर हँडब्रेक, मग क्लच हळूहळू वर, गाडी पुढे ओढ घेतेय असं वाटलं की मगच हँडब्रेक सोडायचा, मागे घरंगळलात तर गेलात. आणि इंडिकेटर द्या, स्टिअरिंगजवळची ती दांडी, आज ओळख करून घ्या, परत भेट होईल न होईल.

लायसन्स हातात पडलं की हे सगळं विसरायचं. आरसा आता आपल्यामुळे मागे किती गाड्या तुंबल्यात ते मोजायला. स्पीड दुप्पट केला की ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला अंतर साधारण चौपट लागतं असं थिअरीला पाठ केलं होतं, पण ते बाकीच्यांच्या गाड्यांना, आपली गाडी फिजिक्स वगैरे मानत नाही. ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, म्हणजे मेसेज बघायला २ सेकंद मान खाली घातली तर ३३ मीटर ती आपली आपणच चालते, आणि लोक उगाच सेल्फ-ड्रायव्हिंग गाडीसाठी पैसे साठवत बसतात!

कुणी अक्कल शिकवायला आलं तर इतिहास काढा. १८८८ साली कार्ल बेंझला गाडी चालवायची लेखी परवानगी मिळाली, त्याने कुठे टेस्ट दिली होती? ब्रिटनमध्ये १९३५ ला टेस्ट सक्तीची झाली ती पण नवशिक्यांना, आधीपासून चालवणाऱ्यांना माफी. तुमचं लायसन्स परवाचं असेल, पण मनाने तुम्ही त्या माफीवाल्यांतलेच.

आणि पुढे एल लावलेली गाडी सिग्नलला बंद पडली की सिग्नल हिरवा व्हायचीही वाट बघू नका, हॉर्नवर हात ठेवा आणि तो स्टार्टर मारून गाडी सुरू करेपर्यंत काढू नका, कसले कसले लोक रस्त्यावर येतात राव.