शंभर एमबी म्हणून विकता, मग आठानं भागायचं कोण सांगणार?

शनिवारी दुपारी डोकं फिरलं ते अजून ताळ्यावर नाही. सांगलीच्या विश्रामबागेत माझं लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचं काम चालतं. दुसऱ्या कॅमेऱ्यावाल्यानं पुण्याहून ४० जीबीचं फुटेज पाठवलेलं. नवरीचे वडील समोर खुर्चीत बसलेले, रात्रीच्या रिसेप्शनला पडद्यावर लावायची क्लिप घेऊनच जायचं म्हणून. मी छातीठोकपणे सांगितलं, "काका, दहा मिनिटं बसा. परवाच शंभर एमबीचं नेट घेतलंय." सेकंदाला १०० एमबी म्हणजे ४० जीबीला सात मिनिटं, हिशोब सरळ. चहा मागवला. चहा संपला तरी हिरवी पट्टी जागची हलेना. खाली आकडा: सेकंदाला ११.२ एमबी. पूर्ण तास गेला. काका एका शब्दानं बोलले नाहीत, नुसते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. चार शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं.

नेटवाल्याला फोन केला. संध्याकाळी पोरगा आला, मोबाईलवर स्पीड टेस्ट लावली, ९४ दाखवून म्हणतो, "दादा, लाईन एकदम ओके आहे." मी म्हटलं, अरे मग हे ११ काय आहे? तर म्हणे, "ते एमबी वेगळं, हे एमबी वेगळं."

एमबी वेगळं! हे पैसे भरायच्या आधी का नाही सांगितलं?

आता जे कळलंय ते सांगतो, कारण दुकानात कोणी सांगत नाही. नेटचा वेग मोजतात बिटमध्ये, फाईल मोजतात बाईटमध्ये. आठ बिटांचा एक बाईट. म्हणजे १०० मेगाबिटच्या लाईनवर जास्तीत जास्त सेकंदाला साडेबारा मेगाबाईट. त्यातलंही थोडं डेटाची पाकिटं बांधण्यात जातं, म्हणून ९४. भागिले आठ, पावणेबारा. आणि विंडोज एमबी धरतं हजाराऐवजी १०२४ च्या पटीत, म्हणून पडद्यावर ११.२. लाईन खरंच ठीक होती, पोरगा खोटं बोलला नव्हता. राग त्याचाच तर आहे. कोणी खोटं बोललं नाही आणि मी मात्र नागवला गेलो.

इंग्रजीत निदान बारकं बी म्हणजे बिट आणि मोठं बी म्हणजे बाईट एवढी तरी खूण असते. आपल्या लिपीत कुठलं आलंय बारकं-मोठं अक्षर? फलकावर 'एमबी' लिहिलं की संपलं. तोंडानं बोलताना तर 'शंभर एमबीचा प्लॅन' असंच बोलतात, विकणारेही आणि आम्हीही. मराठी गिऱ्हाईकाला फरक कळायची वाटच ठेवलेली नाही.

मोबाईलचं तर त्याहून वाईट. एकाच पॅकवर दिवसाला दीड जीबी डेटा लिहितात, तो बाईटमध्ये. तो संपल्यावर वेग ६४ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट, तो बिटमध्ये. एकाच कागदावर दोन मापं! ६४ चे आठानं भागून राहतात सेकंदाला आठ किलोबाईट. चार एमबीचा एक फोटो पाठवायला आठ मिनिटांहून जास्त लागतात. आईला वाटतं फोन खराब झालाय, आणि ती तो सारखा बंद-चालू करत बसते.

बिटमध्ये मोजायचं कारण आहे, मान्य. तारेतून एकामागून एक बिटच जातात, इंजिनिअर लोक तेच मोजणार. पण मी तार विकत घेत नाही, मी फाईल उतरवायला पैसे भरतो. मार्केट यार्डात हळदीचा भाव क्विंटलनं ठरतो आणि वजनही त्याच मापात होतं. तिथं कोणी भाव एका मापात बोलून माल दुसऱ्या मापात टाकला तर व्यापारी हलू देतील का त्याला? किराणा दुकानदाराला काटा मुदतीत तपासून वजनमापवाल्यांचा शिक्का घ्यावा लागतो. शेर-मण सोडून किलोवर यायचा कायदा झाला १९५६ साली, लोकांना एकच माप कळावं म्हणून. योगायोग बघा, 'बाईट' हा शब्दही त्याच साली आयबीएमच्या वर्नर बुखहोल्झ यांनी काढला. आमच्या आज्जीच्या पिढीनं शेर सोडला, आणे सोडले, सगळं नव्यानं शिकून घेतलं. आणि या लोकांना शंभरच्या शेजारी साडेबारा लिहायला जमत नाही?

फलकावर लिहा: '१०० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला सुमारे १२ मेगाबाईट. एक जीबी उतरायला दीड मिनिट.' एवढी एक ओळ. पावतीवरही छापा.

पोराला हेच सांगितलं. तो म्हणाला, "सगळेच असं लिहितात, दादा. तुम्ही तीनशेचा घ्या ना." मी विचारलं, तीनशे काय? बिट का बाईट? त्यानं बॅग उचलली आणि म्हणाला, "एमबी."