‘लेट’ या शब्दावरील आक्षेपाला उत्तर

महोदय,

‘उलट फिरलेले इंग्रजी शब्द’ या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी सारांश देतो. ‘अडवणे’ या अर्थाचा जुना ‘लेट’ (let) आणि ‘करू देणे’ या अर्थाचा आजचा ‘लेट’ हे मुळात दोन निराळे शब्द असल्यामुळे एकच शब्द उलट फिरला हे माझे विधान चुकीचे आहे. जॉन्सनच्या इंग्रजी शब्दकोशाचे साल चुकले आहे. टेनिसचे उदाहरण अनावश्यक आहे. आणि, आपल्याच शब्दांत, ‘लेखकाने साधा शब्दकोश उघडण्याची तसदी घेतली असती तर हा घोळ झाला नसता.’

सालाबाबत आपले म्हणणे बरोबर आहे. सॅम्युअल जॉन्सन यांचा कोश १७५५ साली निघाला आणि माझ्या हातून १७७५ असे टंकले गेले. दुरुस्ती केली आहे. आभारी आहे. टेनिसविषयी वाद घालण्यात अर्थ नाही. सर्व्हिस जाळ्याला अडखळून पलीकडे योग्य जागी पडली की पंच ‘लेट’ पुकारतात, हे सांगितल्याने कोणाचे नुकसान झाले असेल असे मला वाटत नाही.

आता आपल्या त्या वाक्याकडे येतो. ‘साधा’ आणि ‘तसदी’ हे दोन शब्द आपण सहज लिहून गेलात, पण शब्दांच्या अर्थांवर बोलणाऱ्याने ते सहज लिहावेत याचे आश्चर्य वाटते. ‘तसदी’ हा मुळात अरबी शब्द असून त्याच्या पोटात डोकेदुखी आहे. शब्दकोश उघडणे ही ज्याला डोकेदुखी वाटते असा मी माणूस आहे, असे आपण कशावरून ठरवलेत? आपण मला ओळखत नाही, मीही आपणास ओळखत नाही, आणि प्रतिक्रियेखाली आपण नावही लिहिलेले नाही.

ज्या शब्दावरून आपण मला धडा दिलात, त्याच शब्दावरून मी चाळीस वर्षांपूर्वी भर कचेरीत बोलणी खाल्ली आहेत. १९८४ साली मी एका वकिलांकडे इंग्रजी दस्तांचे मराठी तर्जुमे करीत असे. एका खरेदीखतात, विकत घेणाऱ्याने जमिनीचा उपभोग ‘विदाउट एनी लेट’ घ्यावा, असे कलम होते. ‘टू लेट’च्या पाट्या गल्लोगल्ली पाहिलेल्या असल्यामुळे मी बेधडक ‘भाड्याने न देता’ असे लिहून मोकळा झालो. माझ्या तर्जुम्याप्रमाणे त्या गृहस्थाने पूर्ण किंमत मोजून जमीन घ्यायची, पण ती कधीही कोणाला भाड्याने द्यायची नाही! वकिलांनी त्या तीन शब्दांखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढली, समासात ‘विनाहरकत’ असे लिहिले आणि कागद माझ्यापुढे सरकवताना जे म्हटले ते इथे लिहिण्याजोगे नाही. त्याच दस्तात दोन पाने पुढे ‘लेट’ खरोखरच भाड्याने देण्याच्या अर्थाने आला होता, हे त्यांनी लक्षात घ्यायला हवे होते, पण ते असो.

त्या संध्याकाळी, पुठ्ठा निखळलेला आणि पाठीला खळीने कापडाची पट्टी चिकटवलेला कचेरीतला कोश मी उघडला. (तसदी घेतली, म्हणा.) त्यात ‘लेट’च्या दोन स्वतंत्र नोंदी होत्या, डोक्यावर बारीक एक आणि दोन असे आकडे घातलेल्या. म्हणजे आपण जे मला शिकवू पाहता ते मला तेव्हापासून ठाऊक आहे. मग लेखात का लिहिले नाही, असे आपण विचाराल. लेख सर्वसाधारण वाचकांसाठी होता, व्युत्पत्तीच्या परिषदेसाठी नव्हता. शेक्सपिअरच्या नाटकात हॅम्लेटला भूत खुणावते आणि सोबती त्याला धरून ठेवतात, तेव्हा ‘मला जो लेट करील त्याचेच भूत करीन’ अशा आशयाचे तो ओरडतो. पानावर ती तीनच अक्षरे पाहणारा आजचा वाचक नेमके उलटे समजतो, आणि त्याच्यापुरता शब्द उलटाच फिरलेला असतो.

शिवाय दोन नोंदी म्हणजे परकी माणसे नव्हेत. जुन्या इंग्रजीत अडवण्याचे क्रियापद ‘लेट्टन’ होते आणि ते ‘मंद, सुस्त’ या अर्थाच्या शब्दापासून आले. आपली गाडी ज्यामुळे ‘लेट’ (late) होते तो शब्द त्याच घरचा. करू देण्याचे क्रियापद ‘लॅटन’ निराळे खरे, परंतु आणखी मागे गेले तर ‘सैल सोडणे’ या अर्थाच्या एकाच धातूशी दोघांचे नाते जोडले जाते. सख्खे नसतील, चुलत तरी आहेतच. हे आपल्या प्रतिक्रियेत कुठे दिसले नाही. तिथे कोश उघडा नव्हता काय?

त्याच लेखात ‘प्रिव्हेंट’वर एक संपूर्ण परिच्छेद होता. १६११ च्या इंग्रजी बायबलमधला स्तोत्रकर्ता आपण पहाटेला ‘प्रिव्हेंट’ केले असे म्हणतो. त्याने पहाट अडवली नाही, तो पहाटेच्या आधी उठला. लॅटिनमधला ‘पुढे येणे’ हा अर्थ, पुढे जाऊन वाट रोखणे या वळणाने, ‘रोखणे’ असा झाला. इथे शब्द निर्विवाद एकच आहे. त्यावर आपण अवाक्षर काढले नाही.

माझ्यावर विश्वास नसल्यास आपला पासपोर्ट काढून पाहावा. वाहकाला ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ जाऊ द्यावे, अशी राष्ट्रपतींच्या नावाने केलेली विनंती त्यात इंग्रजीत आहे, आणि सोबतच्या हिंदी मजकुरात त्याच जागी ‘बिना रोक-टोक’ असे छापलेले आहे. गंमत अशी की त्याच इंग्रजी वाक्यात जाऊ देण्यासाठी ‘अलाउ’ वापरला आहे, दुसरा ‘लेट’ तिथे येऊ दिलेला नाही.

लेख मागे घेण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. ‘लेट’च्या परिच्छेदात ‘एकच शब्द’ असे होते तिथे ‘एकाच रूपाचे शब्द’ असे केले आहे. हा बदल माझ्या मनात आधीपासूनच होता.