माझ्या पोह्यांचं ऑडिट

नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठानं तासभर चालून ठेल्याशी पोहोचलो, तेव्हा मनगटावरच्या घड्याळानं २८० कॅलरी जळाल्याचं जाहीर केलेलं होतं. हाफ प्लेटचा विचार रद्द करून फुल तर्री-पोहे सांगितले. वर जास्तीची तर्री.

बाकड्यावर शेजारी एक काका होते. ऑडिटमधून रिटायर झालेले. हे त्यांनी सांगितलं नसतं तरी कळलं असतं, कारण माणूस न्याहाळण्याआधी ते प्लेट न्याहाळतात.

"किती जाळल्या जी?"

मी घड्याळ दाखवलं.

"वजन?"

"ऐंशी."

"चालून राहिले होते का फिरून राहिले होते?"

हा प्रश्न अपमानकारक होता. मी म्हटलं, चांगला झपाझप चाललो.

"मग साडेतीन मेट धरू. स्वस्थ बसणं म्हंजे एक मेट, किलोमागं तासाला एक कॅलरी. साडेतीन गुणिले ८०, २८०. बरोबर आहे तुमचं घड्याळ." मी चमचा उचलला. "पण हे ग्रॉस आहे ना बाप्पा! घरी नुसते बसून राहिले असते तरी ८० जळल्याच असत्या. ती काही तुमची कमाई नाही. वजा करा. निव्वळ २००."

"अन् हा एवढा घाम?"

"घाम म्हंजे पाणी. घोटभर पाणी पेलं की झालं जमाखर्च."

एव्हाना पोहेवाल्यानं झारा थांबवला होता. सकाळच्या फिरण्यातली दोन-चार ओळखीची मंडळीही सरकून जवळ आली होती. काकांनी खिशातलं पेन काढलं, ठेल्यावरच्या पेपरचा एक कपटा घेतला आणि माझ्या तर्रीवर तरंगणारं तेल डोळ्यांनी मोजलं.

"मोठा चमचा तेल म्हंजे १२० कॅलरी. इथं दोन तं दिसूनच राहिले. २४० झाले. ४० ची तूट."

"आणि पोहे?"

"ते तं अजून धरलेच नाही!"

लोक हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार. मग "तूट कमी करू" म्हणत काकांनी दुसरा चमचा मागवला आणि माझ्या प्लेटमधल्या चण्यांच्या बाजूनं वसुली सुरू केली. मध्येच पोहेवाल्याला हाक मारून त्यांनी आणखी तर्री घातली. ती कोणाच्या खात्यात, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. पैसे मी दिले. पंचाईत अशी, की गृहस्थ स्वतः चालत नाहीत, ॲक्टिव्हावर येतात.

राग काकांचा आहेच, पण त्याहून जास्त त्या ७० किलोच्या माणसाचा आहे. एका मेटला किलोमागं मिनिटाला साडेतीन मिलिलिटर ऑक्सिजन, हा आकडा म्हणे ७० किलो वजनाच्या, चाळिशीतल्या पुरुषावरून धरलेला आहे. माझी साठी जवळ आली, तरी पायाखालचं गणित त्याचंच. स्टॅनफर्डवाल्यांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात यंत्रं तपासली. नाडी बहुतेकांनी नीट मोजली, पण कॅलरीत सगळ्यात बरं होतं तेही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. भाजीवाली एवढी चुकली असती तर गोकुळपेठेच्या बाजारात तिला कोणी उभं केलं नसतं. इथं मात्र आपण हजारो रुपये मोजतो, वर रोज रात्री चार्ज करून देतो.

परवा तर कहर झाला. उन्हाळा तोंडावर आला म्हणून कूलर गच्चीवरून खाली आणला. लोखंडी, जुना, गंजानं आणखी जड झालेला. मी आणि मुलगा तो कवेत धरून जिना उतरलो, खिडकीशी स्टँडवर चढवला, वाळ्याच्या ताट्या बसवल्या. कंबर बोलायला लागली. घड्याळाची शांती ढळली नाही, कारण कूलर धरलेला हात हलत नाही आणि हात हलला नाही की त्याच्या लेखी माणूस बसलेला. वर थरथरून म्हणतं कसं, बराच वेळ बसलात, जरा उठा.

त्याच संध्याकाळी बायकोनं आरतीला बोलावलं. बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या, तर पावलं भराभर वाढायला लागली. आता आमच्याकडे आरती मीच म्हणतो, सगळी कडवी, टाळ्या खणखणीत. शेजारी विचारतात, भाऊंना अचानक काय झालं? बायको सांगते, देवाचं वेड लागलं.