खुलासा: बायबलमध्ये ‘तीन राजे’ नाहीत

‘बाळ येशूला भेटायला तीन राजे आले, असं बायबलमध्ये लिहिलंय’ हा मजकूर राजांच्या नावांसकट फिरतो आहे. बायबलमध्ये असं लिहिलेलं नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २ रा अध्याय उघडा. पहिल्याच वचनात मूळ ग्रीकमध्ये हेरोदाला ‘बासिलेउस’, म्हणजे राजा, म्हटलंय आणि पूर्वेकडून आलेल्यांना ‘मागोय’, म्हणजे ताऱ्यांचे जाणकार. एकाच वाक्यात दोन वेगळे शब्द! मराठी बायबलनेही ‘मागी लोक’ असंच ठेवलं, हे मला फार मोलाचं वाटतं. ते किती जण होते, हे कुठेच दिलेलं नाही. सोने, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून तिघे धरले गेले. राजेपण नंतर चिकटलं, ते बायबलच्याच जुन्या करारातल्या स्तोत्र ७२ मधल्या नजराणे आणणाऱ्या राजांवरून. गास्पार, मेल्कियोर, बाल्थासार ही नावंही पुढच्या परंपरेतलीच.

गोव्यात कासावलीकडे ६ जानेवारीच्या फेस्ताला तीन मुलं राजवेशात घोड्यावरून निघतात. ती प्रथा सुंदर आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण बायबलच्या नावाने तो मजकूर कृपया पुढे पाठवू नका. पाठवून झाला असेल, तर त्याच गटात मत्तय २:१-१२ टाका.