टरस की ट्रस?

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये मी एवढंच म्हणालो, "सगळ्या फायली एका रात्रीत नव्या सिस्टीमवर हलवणं डिझास्टरस ठरेल."

"ट्रस," टेबलाच्या टोकाकडून आवाज आला.

हे गृहस्थ दोन तास मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते. मला वाटलं, शिंकले.

"काय म्हणालात?"

"डिझास्ट्रस. ट आणि र सुटे नाहीत, जोडाक्षर आहे."

"बरं, ट्रस. तर त्या फायली..."

"स्पेलिंगमधला ई उडतो ना, म्हणून. मॉन्स्टरचं मॉन्स्ट्रस होतं, तसं."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. "मग डेंजरचं डेंजरस कसं? मर्डरचं मर्डरस? त्यांचा ई का उडत नाही?"

त्यांनी चष्मा काढला. पुसला. उजेडात धरून पाहिला, पुन्हा पुसला. तोवर अख्खी मीटिंग श्वास रोखून त्या काचांकडे बघत होती. मग म्हणाले, "डिझास्ट्रस फ्रेंचमधून आलाय." असं म्हणाले, जणू त्याला बंदरावर उतरवून घ्यायला स्वतः गेले होते.

"अच्छा!" सगळे एकदम म्हणाले. साहेबांनी तर वहीत टिपून घेतलं. फायलींबद्दल त्या वहीत एक अक्षर नव्हतं. फायली त्याच रात्री हलवायचं ठरलं.

डेंजरसुद्धा फ्रेंचमधूनच आलाय. हे मला रात्री पावणेबाराला शब्दकोशात सापडलं. तेव्हा ऐकायला फक्त पंखा होता.

शब्दकोश उघडलाच होता, म्हणून पुढे वाचत गेलो. मूळ इटालियन 'डिझास्त्रो'. 'आस्त्रो' म्हणजे तारा, तो बिघडला की डिझास्टर. आपण 'ग्रह फिरले' म्हणतो, अगदी तेच. म्हणजे जोडाक्षर मुळातच होतं. गृहस्थ बरोबर होते, याचा राग वेगळा.

शेक्सपिअरचा ऑथेल्लो आपल्यावर गुदरलेल्या 'डिझास्ट्रस' प्रसंगांच्या हकिगती सांगतो आणि डेस्डेमोना त्या ऐकून चक्क प्रेमात पडते. माझ्या हकिगती ऐकून लोक व्याकरण काढतात. 'किंग लिअर'मधला एडमंड हसतो, की माणसं आपल्या डिझास्टरांचं खापर सूर्य, चंद्र, ताऱ्यांवर फोडतात. त्याने आमचं ऑफिस पाहिलेलं नाही. इथे तारे लागत नाहीत, मी पुरतो. आणि कवी मिल्टन! त्याच्या 1667च्या 'पॅराडाइज लॉस्ट' महाकाव्यात ग्रहणातला सूर्य अर्ध्या राष्ट्रांवर 'डिझास्ट्रस' संधिप्रकाश टाकतो आणि राजे धास्तावतात. ती जागा सरकारी परीक्षकाला खटकली होती म्हणतात. खटकेना का! निदान त्याने अर्थ तरी वाचला. मिल्टनला 'ट सुटा की जोडलेला' असं कुणी विचारलं नाही.

सरळ 'वाट लागेल' म्हणालो असतो तर बरं झालं असतं. वाटेत जोडाक्षर नाही.

सोमवारी निम्म्या फायली उघडेनात. साहेब हताशपणे म्हणाले, "कॅटॅस्ट्रॉफिक!" टेबलाच्या टोकाकडून मान डोलली. उच्चार पास झाला होता. मी शुक्रवारची आठवण करून दिली, तर साहेब म्हणाले, "हो हो, तुमचा तो ट्रसचा घोळ ना?"

फायली पुन्हा भरायचं काम मला मिळालंय. आज तिसरा दिवस. गृहस्थ मधूनमधून येऊन माझ्या स्क्रीनमध्ये डोकावतात, आणि मी पाहतोय, चष्म्याकडे हात जायला लागला आहे.