प्रेक्षक आहेत, जागाच उरत नाहीत

एका लेखात म्हटलंय की मोठ्या शहरांत गॅलऱ्या आणि लाइव्ह म्युझिकच्या जागा बंद पडतायत कारण लोक आता येत नाहीत, हे मला अजिबात पटलं नाही. लोक येतात हो, भाडं परवडत नाही! न्यूयॉर्कमधला सोहो हा भागच बघा ना, १९६० च्या दशकात रिकाम्या कारखान्यांत चित्रकार राहायला गेले, मग गॅलऱ्या आल्या, मग भाडी इतकी वाढली की १९९० च्या दशकात बऱ्याच गॅलऱ्या उठून त्याच शहरातल्या चेल्सी भागात गेल्या, आणि चित्रकार तर त्याआधीच बाहेर पडले होते.

म्युझिकच्या जागांचं तर अजून वाईट, शेजारी नवीन टॉवर होतो आणि राहायला आलेले लोक आवाजाची तक्रार करतात, तीस वर्षं तिथेच वाजवणाऱ्यांची! मेलबर्नमध्ये लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे २०१४ मध्ये नियम आला की जो नंतर बांधेल त्यानेच साउंडप्रूफिंगचा खर्च करायचा. असा नियम सगळीकडे हवा असं मला मनापासून वाटतं.

मी स्वतः छोट्या हॉलमध्ये साउंड बघतो. गेल्या महिन्यात तक्रारीच्या भीतीने ड्रमरने बेस ड्रममध्ये दोन ब्लँकेटं कोंबली, काठ्यांऐवजी ब्रश घेतले, अख्खा शो तसाच वाजवला, आणि तरी मागे भिंतीला टेकून लोक उभे होते, बसायला जागा नव्हती. आता तो हॉलही पुढच्या महिन्यात रिकामा करायचाय, खूप वाईट वाटतंय.